मी बोलतोय

"अण्णा, मी बोलतोय. उद्या सकाळच्याला गाडी घिऊन येतोय बगा. चाळीस पेट्या काढून ठिवायला सांगा तेवढं. ठिवतो."

निरोप ११ सेकंदांचा. त्यापुढे त्याच फाइलमध्ये २ मिनिटं ४९ सेकंद नुसतं टूं... टूं... टूं. आणि मेलच्या विषयात लिहिलेलं, कोणाकडून: अज्ञात.

सकाळी साडेसहाला, चहाच्या आधी, मी हा मेल उघडला तेव्हा खरं सांगायचं तर मला आनंदच झाला. गेले चार दिवस ज्या गोष्टीसाठी डोकं धरून बसले होते ती चालली होती. रात्री कुणीतरी फोन केला, कुणी उचलला नाही, माणूस बोलला, आणि त्याचा आवाज मेलमधून माझ्यापर्यंत आला. हा 'मी' कोण, हा प्रश्न मला पडलाच नाही. तो दिवाणजींना पडला. त्यांना चाळीस पेट्या कुणाच्या काढायच्या हे ठरवायचं होतं.

तर काम असं होतं. तासगावच्या बाहेर एक कोल्ड स्टोरेज आहे. आमच्याकडे बेदाणा करणारे शेतकरी माल लगेच विकत नाहीत. १५-१५ किलोच्या पेट्या कोल्डला ठेवतात आणि भाव बघून थोडा थोडा काढून सौद्याला नेतात. माल काढायचा की आदल्या दिवशी फोन. तो फोन लँडलाइनवर, कारण तोच नंबर गेली तीस वर्षं पावतीवर छापलेला आहे. अण्णांचा, म्हणजे मालकांचा, मोबाइल नंबर सगळ्यांकडे नाही आणि तो असावा अशी अण्णांचीही इच्छा नाही. दिवसा दिवाणजी फोन घेतात आणि निरोपाच्या वहीत लिहितात. संध्याकाळी ऑफिसला कुलूप लागलं की फोन वाजत राहतो, वॉचमन गेटवर असतो, आणि सकाळी माणूस गाडी घेऊन दारात उभा. "काल फोन केल्ता की. कोन उचालतंय हितं?"

मे महिन्यात वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि त्यांचा जुना तीन-आठचा ईपीएबीएक्स, म्हणजे ऑफिसातले फोन बाहेरच्या लाइनींना जोडणारं यंत्र, गेला. तीन लाइनी, आठ एक्स्टेन्शनं बसतील असा, त्यातलं लाइन कार्ड पार काळं पडलेलं. तो माझ्या बाबांनीच बसवलेला होता. बाबांनी सांगली-मिरजेच्या पट्ट्यात आयुष्यभर ईपीएबीएक्स बसवले. आता गुडघ्यांमुळे शिडी चढत नाहीत, पण मी साइटवर निघाले की स्कूटरवर मागे बसतात. अण्णांनी फोन बाबांना केला, काम माझ्या गळ्यात आलं. अण्णांची अट एकच, "रात्री आलेला निरोप सकाळी दिवाणजींना मिळाला पायजे आन पुण्याला पोराला बी दिसला पायजे." मुलगा पुण्यात नोकरी करून इकडचा हिशेब बघतो. म्हणजे मेल.

मी कोटेशन दिलं. त्यात एक ओळ होती: 'व्हॉइसमेल टू ईमेल गेटवे बसवणे, १ नग.'

ही ओळ मला पुढे फार महागात पडली. काम संपल्यावर बिल घेऊन गेले तर दिवाणजी चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "ताई, हा नग कुठाय?" त्यांच्या हिशेबात जी वस्तू बिलात आहे ती आवक वहीत दिसली पाहिजे. मी टेबलाखालच्या जुन्या कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. "हा तर आमचाच." बरोबर, त्यांचाच होता. त्यात मी फोनच्या लाइनी जोडायचं चार पोर्टचं जुनं पीसीआय कार्ड घातलं होतं, तेही बिलात वेगळं लावलेलं. गेटवे म्हणजे त्या कॉम्प्युटरमध्ये लिहिलेल्या पाच-पन्नास ओळी. त्या मी कशा दाखवणार? शेवटी बाबांनी एका चिठ्ठीवर मार्करने 'गेटवे' लिहिलं, सेलोटेपने कॅबिनेटला चिकटवलं, आणि दिवाणजींनी आवक वहीत नोंद केली. चिठ्ठी अजून आहे.

आता त्या पाच-पन्नास ओळींबद्दल.

फोनचं काम अ‍ॅस्टेरिस्क करतं. हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. मार्क स्पेन्सर नावाच्या अमेरिकन पोराला १९९९ मध्ये स्वतःच्या लिनक्स सपोर्टच्या छोट्या कंपनीसाठी फोन सिस्टिम घ्यायची होती, ती परवडेना, म्हणून त्याने स्वतःच लिहून काढली. हे मी बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "त्याला आपल्याकडं पाठवायचं, हप्त्यावर दिला असता." कार्डावर दोन लाल मॉड्यूल आणि दोन हिरवी. लाल म्हणजे बाहेरून येणारी लाइन, हिरवं म्हणजे आतला टेलिफोन. हे उलटं लावलं तर काय होतं हे बाबांनी मला करूनच दिलं नाही. नवं अर्थिंग आणि दोन्ही लाइनींवर विजेचा झटका अडवणारे अरेस्टर बसल्याशिवाय त्यांनी मला कॅबिनेट उघडूही दिलं नव्हतं.

फोन २५ सेकंद वाजतो. कुणी उचलला नाही तर अ‍ॅस्टेरिस्क स्वतः उचलतं, सूचना ऐकवतं, पीं करतं आणि रेकॉर्ड करायला लागतं. हे सगळं मी एका दुपारी संपवलं. मग मेल. मला वाटलं होतं तास-दीड तासाचं काम. चार दिवस गेले.

अ‍ॅस्टेरिस्कला पत्र लिहिता येतं, पोचवता येत नाही. रेकॉर्डिंग झालं की ते मेलचा मजकूर तयार करतं, आवाजाची फाइल त्याला जोडतं आणि गठ्ठा 'सेंडमेल' या नावाच्या कमांडच्या हातात देऊन मोकळं होतं. ती कमांड त्या कॉम्प्युटरवर कुणाची, पुढे काय करते, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. मी तिथे पोस्टफिक्स बसवलं, मेल पोचवणारं सॉफ्टवेअर. पोस्टफिक्स मुळात वित्से वेनेमा यांनी आयबीएममध्ये असताना लिहिलं, १९९८ पासून ते मोफत आहे, आणि माझ्या मते मेलच्या जगातलं सर्वांत समजूतदार सॉफ्टवेअर आहे. ते चूक करत नाही. चूक आपली असते आणि ते ती शांतपणे लॉगमध्ये लिहून ठेवतं.

पहिली चूक. मी त्याला थेट बाहेर पाठवायला सांगितलं, समोरच्या मेल सर्व्हरच्या २५ नंबरच्या पोर्टवर, म्हणजे दारावर. रांगेत बघते तर १४ मेल बसलेले, सगळे माझेच, "हॅलो हॅलो, एक दोन तीन" म्हणणारे, आणि प्रत्येकापुढे 'कनेक्शन टाइम्ड आउट'. इंटरनेट देणाऱ्याने तो पोर्ट बाहेर जाताना बंद केलेला. बरेच जण करतात, आणि बरोबरच करतात, नाहीतर व्हायरस लागलेला प्रत्येक कॉम्प्युटर जगाला मेल पाठवत सुटेल. म्हणजे आपला मेल कुणातरी ओळखीच्या सर्व्हरमार्फत जायला हवा. कोल्डचं स्वतःचं डोमेन होतं, मेल एका होस्टिंगवाल्याकडे. तिथे 'निरोप' नावाचं नवं खातं उघडलं आणि पोस्टफिक्सला सांगितलं, सगळा माल याच्याकडे दे, ५८७ नंबरच्या पोर्टवर, नाव-पासवर्ड सांगून.

दुसरी चूक. लॉगमध्ये आलं: 'नो वर्दी मेक्स फाउंड.' बाबा शेजारी खुर्ची टाकून बसलेले, त्यांनी मोठ्याने वाचलं. "वर्दी म्हणजे लायक. लायक मेक... ताई, ते म्हणतंय मेकॅनिक लायकीचा नाही." पाऊण तास मलाही तसंच वाटत होतं. ते 'मेक' म्हणजे मेकॅनिझम, ओळख पटवायच्या पद्धती. पोस्टफिक्सला पासवर्ड सांगायचा होता, पण सांगायच्या रीतीच त्या कॉम्प्युटरवर नव्हत्या, कारण डेबियनमध्ये, म्हणजे त्यावरच्या लिनक्समध्ये, त्या वेगळ्या पॅकेजमध्ये येतात, 'लिबसॅसल२-मॉड्यूल्स', आणि ते मी टाकलंच नव्हतं. एक ओळ. टाकली, चाललं. कुणी हेच शोधत इथवर आलं असेल तर ती ओळ हीच.

तिसरी चूक माझ्या सर्वांत आवडीची आहे. होस्टिंगवाल्याचा सर्व्हर आता आम्हाला ओळखत होता, दार उघडत होता, आणि मग मेल परत करत होता. ५५३. पाठवणाऱ्याचा पत्ता नामंजूर, या खातेदाराच्या मालकीचा नाही. मी गोंधळले, कारण अ‍ॅस्टेरिस्कच्या सेटिंगमध्ये पाठवणाऱ्याचा पत्ता मी नीट 'निरोप' असा लिहिला होता. टेस्ट मेलमध्येही तोच दिसत होता.

मेलला दोन पत्ते असतात हे मला पुस्तकी माहीत होतं, कधी भोवलं नव्हतं. एक पत्राच्या आत, वरच्या कोपऱ्यात लिहिलेला, जो वाचणाऱ्याला दिसतो. दुसरा पाकिटावर, जो फक्त पोस्टमन बघतो. अ‍ॅस्टेरिस्कने पत्राच्या आत बरोबर पत्ता लिहिला होता. पण पाकिटावर पोस्टफिक्सने, कुणी काही सांगितलं नाही म्हणून, ज्या युजरच्या नावाने प्रोग्रॅम चालतो तो टाकला: अ‍ॅस्टेरिस्क, अ‍ॅट लोकलहोस्ट. म्हणजे सही एकाची, पाकीट दुसऱ्याचं. सेंडमेलच्या कमांडला '-एफ' लावून पाकिटावरचा पत्ताही बजावून सांगितला. मग बॅंकेतल्या कॅशिअरसारखं, दोन्ही सह्या जुळल्यावर, त्या सर्व्हरने मेल घेतला.

घेतला आणि पुण्याच्या मुलाच्या जीमेलने तो स्पॅममध्ये टाकला. कारण डोमेनवर एसपीएफ नव्हतं. एसपीएफ म्हणजे डोमेनच्या मालकाने जाहीर लावलेली पाटी, की आमच्या नावाने मेल पाठवायची परवानगी फक्त या या सर्व्हरना आहे. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल याबाबतीत कडक झालंय, एसपीएफ किंवा डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) यातलं एक तरी सगळ्यांना लागतं. डोमेन कुणाच्या खात्यात आहे हे शोधण्यात एक दिवस गेला. ते अण्णांच्या भाच्याने कॉलेजात असताना घेतलेलं, तो आता जर्मनीत. त्याला रात्री जागवलं. पाटी लावली, डीकेआयएमही चालू केलं. मेल इनबॉक्समध्ये.

चौथ्या दिवशी रात्री मी बाबांना म्हटलं, "चार दिवस मी फक्त 'तू कोण?' या एका प्रश्नाची उत्तरं देतेय." बाबा म्हणाले, "मग? रात्री दार वाजलं की आपण काय विचारतो?"

इथे जरा विषय सोडून सांगते. व्हॉइसमेल आणि ईमेल जोडायची ही कल्पना जुनी आहे. १९९६ मध्येच त्यासाठी एक प्रमाण ठरवलं गेलं, व्हीपीआयएम, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांच्या व्हॉइसमेल यंत्रांनी एकमेकांना आवाजी निरोप मेलमधूनच पाठवायचे. आज ते नाव कुणाला आठवत नाही. आमच्या भागात तर व्हॉइसमेलच कधी रुजला नाही. मिस्ड कॉल फुकट असताना यंत्राशी बोलायला पैसे कोण घालेल? आणि आता प्रत्येक जण व्हॉट्सअ‍ॅपवर घसा मोकळा करून तीन-तीन मिनिटं बोलतो. पण पावतीवर छापलेल्या लँडलाइनला व्हॉट्सअ‍ॅप नसतं.

मेलचा विषय मराठीतच हवा असा माझा हट्ट होता, 'नवा निरोप'. पहिल्या दिवशी तो उघडला तर डोक्यावर तिरकी रेघ घेतलेले ए, त्यांच्यामध्ये चार पायांची गोल चिन्हं, अशी नक्षी. अ‍ॅस्टेरिस्क मुळात मेलची लिपी युरोपातली समजून चालतं. मराठी बसणारा यूटीएफ-८ हा कॅरॅक्टर सेट दिला की झालं. फाइलच्या आकाराचीही जरा खटपट केली. साधी वेव्ह फाइल सेकंदाला १६,००० बाइट खाते, म्हणजे तीन मिनिटांचा निरोप २.८८ एमबी, आणि मेलात कोंबताना तो एक-तृतीयांश फुगतो. जीएसएम पद्धतीने आवाज दाबून ठेवला तर दहावा हिस्सा. पण ती फाइल अण्णांच्या फोनवर वाजेना. राहू दे वेव्ह. रोजचे एक-दोन निरोप, जीमेलची मर्यादा २५ एमबी, कुणाचं काय जातंय.

तर आता त्या पहिल्या सकाळकडे.

११ सेकंद माणूस आणि पुढे टूं टूं. मी बाबांना ऐकवलं. त्यांनी फोन कानाला लावला, मनगट वर केलं आणि घड्याळाकडे बघत ओठ हलवायला लागले. मी बघत राहिले. मिनिटभराने म्हणाले, "चाळीस. एंगेज टोन आहे, आपल्याच एक्स्चेंजची." त्यांनी मोजलं ते बरोबर होतं. आपल्याकडची एंगेज टोन ४०० हर्ट्‌झची, पाऊण सेकंद चालू, पाऊण सेकंद बंद. दीड सेकंदाला एक, मिनिटाला ४०. बाबांना हर्ट्‌झ माहीत नव्हते, आकडा हाताला माहीत होता.

झालं होतं असं, की मोबाइलवर कुणी फोन ठेवला की तसं कळतं. तांब्याच्या साध्या लाइनीवर ते कळायला सहसा काही साधन नसतं. समोरच्याने ठेवला की एक्स्चेंज फक्त एंगेज टोन देतं आणि आपण ती ऐकून फोन ठेवतो. माणसाचा कान ते करतो. अ‍ॅस्टेरिस्कला कान नाही. त्याच्या लेखी तीही बोलणंच, शांतता नाही, म्हणून ते कमाल वेळ संपेपर्यंत, १८० सेकंद, इमानदारीत रेकॉर्ड करत बसलं. आणि तेवढा वेळ लाइन अडकलेली. त्या रात्री असे तीन निरोप. नऊ मिनिटं दुसऱ्या कुणाचा फोन त्या लाइनीवर लागला नसेल.

एंगेज टोन ओळखणारं 'बिझी डिटेक्ट' चालू केलं, ठोक्याचा नमुना ७५०-७५० मिलिसेकंद दिला, आणि चार ठोके ओळीने ऐकले की फोन ठेवायचा असं सांगितलं. चार ठोके म्हणजे ६ सेकंद. इथे नवं त्रांगडं. ज्यांनी पीं ऐकून न बोलताच फोन ठेवला त्यांचाही ६ सेकंदांचा 'निरोप' व्हायला लागला. मग किमान लांबी वाढवायची, ८ सेकंदांपेक्षा छोटं असेल तर टाकून द्यायचं. बाबा म्हणाले, थांब. त्यांनी हिशेब मांडला, सहा सेकंद टोन जाऊन माणसाला बोलायला दोन राहतात. "अण्णा, येतो उद्या" एवढंच कुणी म्हणालं तर? आम्ही दोघांनी आळीपाळीने, घड्याळ लावून, "अण्णा, येतो उद्या" म्हणून बघितलं. दीड सेकंद. सातवर तोडगा निघाला. आई स्वयंपाकघरातून विचारत होती की कोण अण्णा आणि उद्या कशाला येतोय.

त्याच आठवड्यात दिवाणजींची तक्रार. मेलवर वेळ दुपारी ३ वाजून १७ मिनिटं. "सव्वातीनला मी इथंच होतो. फोन वाजलाच नाही. मशिन खोटं बोलतंय." त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्यांच्या तीस वर्षांच्या हजेरीवर कुणी शंका घेतल्यासारखा. फोन रात्री ८:४७ चा होता, कॉम्प्युटरचं घड्याळ ग्रीनिचवर. साडेपाच तास. ही माझी चूक, आणि मी ती मान्य करून, त्यांच्यासमोर टाइमझोन कोलकाता केला. "कोलकाता का? सांगली नाही का त्यात?" नाही.

आता 'अज्ञात'.

दिवाणजी सकाळी मेलची प्रिंट काढायचे आणि कॉम्प्युटरच्या स्पीकरवर निरोप ऐकून प्रिंटवर नाव लिहायचे. दहातले सहा आवाज त्यांना ओळखू यायचे. "हा मणेराजुरीचा." "हा सावळजचा थोरला, धाकटा बोलताना खाकरतो." उरलेल्या चारांसाठी लेजर काढून, कुणाच्या चाळीस पेट्या शिल्लक आहेत, असा उलटा शोध. मला हे बघायला फार आवडायचं, पण ज्यासाठी मला बोलावलं होतं ते हे नव्हतं.

कॉलर आयडी येत नव्हता कारण अ‍ॅस्टेरिस्क अमेरिकन पद्धतीने त्याची वाट बघत होतं, पहिल्या आणि दुसऱ्या घंटीच्या मधे, मोडेमसारख्या किरकिरीत. बाबांनी टेस्ट फोनचे चिमटे लाइनीला लावले, मला मोबाइलवरून रिंग द्यायला सांगितली. "ऐक." घंटी वाजायच्या आधी, अगदी आधी, भराभर पीं-पीं-पीं असे सूर, बटणं दाबल्यासारखे. तोच नंबर. आमच्या लाइनीवर आधी प्लस-मायनस पलटतं, मग डीटीएमएफच्या, म्हणजे बटणांच्या, सुरांत नंबर येतो, मग घंटी. आपला नंबर सांगून मगच कडी वाजवायची. आणि गंमत म्हणजे अ‍ॅस्टेरिस्कच्या कार्डाच्या सेटिंगमध्ये यासाठी खास पर्याय आहे, त्याचं नावच 'पोलॅरिटी-आयएन', त्यातलं आयएन म्हणजे इंडिया. कुणीतरी आपल्यासारखंच, चिमटे लावून, डोकं धरून बसलेलं असणार, त्याशिवाय हे तिथे आलं नसतं. दोन ओळी बदलल्या. एका लाइनीवर नंबर यायला लागला. दुसरीवर ती सेवाच चालू नव्हती, अर्ज केला, झाली.

मला वाटलं, संपलं.

गणपतीच्या आधी अण्णांचा फोन. सौद्यात कुणीतरी त्यांना म्हणालं होतं, "तुमच्यात आता इंग्लिश बाई ठेवलीया जनू फोनवर." मी तर अ‍ॅस्टेरिस्कच्या बाईला पहिल्याच दिवशी गप्प केलं होतं. इंग्रजी ऐकलं की माणूस 'राँग नंबर' म्हणून ठेवतो, म्हणून अण्णांच्याच आवाजात सूचना भरून घेतली होती. मग ही कुठून आली?

मेलने निरोप जात होते, पण मूळ प्रत कॉम्प्युटरवरच्या पेटीत राहत होती. ऑफिसचा फोन उचलला की डायल टोन तुटक यायची, म्हणजे न ऐकलेला निरोप आहे. सगळ्यांना वाटलं लाइन खराब आहे. फोनवरून निरोप ऐकायचा, पुसायचा, हे कुणी कधी केलंच नाही, कशाला करतील, मेल येत होता. पेटीची क्षमता १०० निरोप. शंभर भरले. त्यापुढच्या प्रत्येकाला बाईने, माझ्या नजरेतून सुटलेल्या एका फाइलमधून, पेटी भरल्याचं इंग्रजीत सांगितलं. दोन रात्री.

उपाय म्हणजे मेल पाठवला की मूळ प्रत पुसून टाकायची. ते करायला मी आधी घाबरले होते, इंटरनेट बंद असताना प्रत पुसली गेली तर? पण तिथे पोस्टफिक्स उभं आहे. ते मेल डिस्कवर धरून ठेवतं आणि मुळात ५ दिवस प्रयत्न करत राहतं. शिवाय प्रत्येक मेलची एक प्रत गुपचूप जुन्या निरोपांच्या वेगळ्या खात्यात टाकायची, तीही एका ओळीत सोय आहे. पावसाने एकदा फायबर तुटली, दीड दिवस. जोडली गेल्यावर तीन निरोप एकामागून एक आले, वेळेच्या शिक्क्यासकट. दिवाणजींनी शिक्के तपासले.

नंबर येत होता तरी नावाचा घोळ मिटला नाहीच. आमच्याकडे फोन पुतण्याचा असतो, बोलतो चुलता, माल तिसऱ्याच्या नावावर. दिवाणजी म्हणाले, सूचनेतच सांगू या. अण्णा काही पुन्हा रेकॉर्डिंगला बसायला तयार नव्हते, तेव्हा दिवाणजींनीच घसा साफ केला. तीनदा लिहून काढलं, चौथ्यांदा वाचलं, तिथीवार सांगितल्यासारखं सावकाश: "नमस्कार. ऑफिस बंद आहे. कृपया पीं वाजल्यानंतर आपलं नाव, गाव, आणि पावतीचा नंबर सांगावा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम तिकडे गेले. प्रिंट निघाली होती, नंबर होता, वेळ बरोबर होती, विषय मराठीत. दिवाणजींनी स्पीकर मोठा केला. आधी बराच वेळ श्वास, मागे कुत्रं भुंकतंय.

"हां दिवाणजी, मी बोलतोय. आता नाव काय सांगायचं तुला, आवाज वळकतोस की. वीस काढून ठीव."

दिवाणजींनी टोपण काढलं आणि प्रिंटवर नाव लिहिलं.